विस्पंद-आंदोलक : घरगुती रेडिओच्या इतिहासातील एक प्रकरण आणि एक दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी विभागाकडे एक जुनी ध्वनिफीत अभ्यासासाठी आली. १९७० नंतरच्या दशकात ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दोन हौशी रेडिओचालकांमध्ये झालेले मराठी संभाषण तीवर मुद्रित झालेले होते. फीत करणाऱ्या गृहस्थांनी ते संभाषण एका जुन्या व्हॉल्व्हच्या पोर्टेबल रेडिओवर ऐकून टिपले होते. दोन वक्त्यांपैकी एकाच्या उच्चारांचे मापन केले असता त्याचा 'ई' हा स्वर अपेक्षेहून बराच विवृत, जवळजवळ 'ए'कडे झुकलेला आढळला. 'ऊ'चीही तीच स्थिती होती. हे त्याच्या बोलीचे वैशिष्ट्य असावे असे प्रस्तुत लेखकाने एका परिसंवादात सांगितले. ते विधान येथे मागे घेत आहे. ज्याला बोलीचे लक्षण म्हटले ती त्या रेडिओत मागाहून बसविलेल्या एका लहानशा मंडलाने घातलेली भर होती. ही भर कशी पडली हे समजण्यासाठी त्या मंडलाची, म्हणजे विस्पंद-आंदोलकाची, हकिकत मुळापासून सांगणे प्राप्त आहे. आणि ती हकिकत एरवीही सांगण्याजोगी आहे.

तंबोरा जुळविताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, परंतु पूर्णपणे मिळाल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या एकत्रित नादात एक मंद हेलकावा ऐकू येतो. एका तारेची कंप्रता सेकंदास १३० आणि दुसरीची १३२ असेल तर नाद सेकंदातून दोनदा चढतो व उतरतो. तारा मिळत जातात तसा हेलकावा संथ होतो आणि पूर्ण मेळ बसताच नाहीसा होतो. दोन कंपनांच्या अंतरातून उत्पन्न होणाऱ्या या चढउतारास विस्पंद म्हणतात. जुळविणाऱ्याचा कान वस्तुतः या फरकावरच असतो. युरोपात दोन स्वरांच्या संयोगातून ऐकू येणाऱ्या तिसऱ्या स्वराची चर्चा व्हायोलिनवादक तार्तिनी याने १७५४ च्या आपल्या ग्रंथात केली आणि हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये अशा घटनांची शास्त्रीय मांडणी केली. बिनतारी संदेशवहनास या जुन्या अनुभवाची गरज पडली ती विसाव्या शतकाच्या आरंभी.

आरंभीचे बिनतारी प्रेषक ठिणगीवर चालत. प्रत्येक ठिणगीबरोबर विद्युत्-चुंबकीय लहरींचा एक झोत निघे आणि लगेच विरून जाई. सेकंदास काही शे ठिणग्या पडत असल्यामुळे ग्रहणयंत्रातील शोधकातून त्याच प्रमाणात ठोके बाहेर पडत आणि हेडफोनमध्ये एक खरखरीत किंवा सुरेल आवाज ऐकू येई. १९१२ मध्ये टायटॅनिकने पाठविलेले मदतीचे संदेश असेच ठिणगीचे होते. जवळपासच्या कोणत्याही साध्या ग्रहणयंत्रावर ते ऐकता येण्याजोगे होते. पुढे डेन्मार्कच्या पौलसेनने विद्युत्कंसाच्या साह्याने, आणि अमेरिकेत फेसेंडेन व अलेक्झांडरसन यांनी वेगवान प्रत्यावर्तित्राच्या साह्याने, अखंड लहर निर्माण केली. ही लहर अनेक दृष्टींनी श्रेष्ठ होती. तथापि तिच्यात एक विलक्षण अडचण होती : ती ऐकू येत नसे. एकाच जोराने वाहणारी, सेकंदास लाखभर कंपने करणारी लहर शोधकातून गेली म्हणजे बाहेर पडतो तो केवळ स्थिर विद्युत्प्रवाह. चावी दाबली काय आणि सोडली काय, हेडफोन मूकच. तारयंत्राचा 'कट्ट-कडकट्ट' हा सर्व व्यवहार आवाज आहे आणि आवाज नाही या भेदावर उभा असतो. येथे तो भेद लहरीत होता, कानापर्यंत मात्र पोहोचत नव्हता. पौलसेनच्या पद्धतीत प्रवाह यांत्रिक रीतीने तोडूनजोडून त्यास आवाज देत असत. परंतु तो कर्कश असे आणि वातावरणातील खरखरीतून ओळखणे कठीण जाई.

फेसेंडेनचा तोडगा असा, की या लहरीच्या शेजारी दुसरी लहर उभी करावी. एक लहर सेकंदास १,००,००० कंपनांची आणि दुसरी १,०१,००० कंपनांची असेल, तर दोहोंच्या फरकाचा १,००० कंपनांचा शुद्ध स्वर कानास ऐकू येईल. त्याचे हे एकस्व १२ ऑगस्ट १९०२ रोजी मंजूर झाले. त्यातील मांडणीत दोन्ही लहरी प्रेषकाकडूनच यावयाच्या होत्या. दुसरी लहर ऐकणाऱ्याने आपल्या घरीच निर्माण करावी हा विचार नंतरचा आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक महत्त्वाचा. संदेशाचा एक भाग दुरून येतो आणि दुसरा श्रोत्याने स्वतः पुरवावयाचा असतो, ही कल्पना यातूनच रूढ झाली.

या पद्धतीस फेसेंडेनने 'हेटेरोडाइन' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'हेतेरोस' आणि बलवाचक 'दिनामिस' या दोन शब्दांपासून ते बनविलेले आहे. 'हेतेरोस'चा अर्थ 'भिन्न' असा केला जातो, परंतु तो पुरेसा नाही. त्यातील '-तेरोस' हा प्रत्यय संस्कृतातील 'कतर', 'अन्यतर' यांतील 'तर' या प्रत्ययाचा सगोत्र आहे. दोहोंपैकी एक दाखविणे हे त्याचे मूळ काम. म्हणून 'हेतेरोस' म्हणजे 'दोहोंपैकी दुसरा'. फेसेंडेनला ही व्युत्पत्ती अभिप्रेत होती की नाही हा प्रश्न वेगळा. नाव मात्र नेमके साधले आहे.

कल्पना आली तेव्हा साधन नव्हते. श्रोत्याच्या घरी स्थिर लहर निर्माण करील असे सुटसुटीत यंत्र १९०२ मध्ये कोणापाशीच नव्हते. १९१३ मध्ये अमेरिकन नौदलाने आर्लिंग्टनचे केंद्र आणि 'सेलम' ही क्रूझर यांच्या दरम्यान ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत या पद्धतीचे ग्रहणयंत्र इतरांहून सरस ठरले. त्याच सुमारास आर्मस्ट्राँग, माइसनर, राउंड आदींनी व्हॉल्व्हपासून अखंड आंदोलने मिळवून दाखविली आणि साधनाची वाण संपली. आर्मस्ट्राँगच्या पुनर्भरण-मंडलात तर एकच व्हॉल्व्ह दोन्ही कामे करी. पुनर्भरण वाढवीत नेले की तो स्वतःच आंदोलने करू लागे आणि येणाऱ्या लहरीशी त्यांचा विस्पंद होऊन शीळ उमटे.

१९२० नंतरच्या काळातील पुष्कळसे घरगुती संच याच जातीचे होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ब्रिटनमध्ये शेजाऱ्याच्या रेडिओतील शिट्ट्यांचा सर्वांना उपद्रव होई आणि संच अशा रीतीने चालवू नका अशी विनवणी बी. बी. सी.ला करावी लागे. परंतु त्या उपद्रवी शिटीतच एक सामर्थ्य होते : अशा संचावर अखंड लहरीचा तारसंदेश ऐकता येत असे. १९२७ हे वर्ष या दृष्टीने आपल्याकडे लक्षणीय आहे. त्या वर्षी २३ जुलै रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी खडकी येथे प्रेषण व दौंड येथे ग्रहण अशी व्यवस्था असलेली इंग्लंडशी बिनतारी तारसेवाही चालू झाली. मुंबईच्या केंद्रावरील गाणे क्रिस्टलच्या संचावरही ऐकता येई. खडकीहून निघणारी लहर त्याच आकाशातून जात होती. ती ऐकण्यासाठी मात्र श्रोत्यापाशी योग्य पट्ट्याचा संच आणि स्वतःची दुसरी लहर असणे आवश्यक होते.

ही दुसरी लहर घरगुती संचातून गेली ती सुपरहेटेरोडाइनमुळे. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये सैनिकी सेवेत असताना आर्मस्ट्राँगने ही रचना सिद्ध केली; फ्रान्समध्ये लेव्ही आणि जर्मनीत शॉट्की यांचेही त्याच दिशेने काम झालेले होते आणि अग्रक्रमाचा वाद पुढे बराच चालला. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. 'सुपर' या उपपदाविषयी मात्र एक गैरसमज आढळतो. सुपरहेटेरोडाइन म्हणजे उत्कृष्ट किंवा सुधारलेले हेटेरोडाइन, असा अर्थ सर्रास केला जातो. वास्तविक ते 'सुपरसॉनिक हेटेरोडाइन' याचे संक्षिप्त रूप आहे आणि 'सुपरसॉनिक' या शब्दाचा तेव्हाचा अर्थ 'श्रवणमर्यादेच्या वरचा' असा होता. ध्वनीहून वेगवान हा अर्थ नंतर रूढ झाला. या रचनेतही संचात दुसरी लहर निर्माण होते आणि येणाऱ्या लहरीशी तिचा विस्पंद होतो. परंतु हा विस्पंद कानाला ऐकू यावा असा हेतूच नसतो. १,००० किलोहर्ट्झचे केंद्र लावले असता संचातील आंदोलक १,४५५ किलोहर्ट्झवर चालतो आणि दोहोंतील फरक, ४५५ किलोहर्ट्झ, पुढे वर्धित केला जातो. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर ज्याला 'आय. एफ.' म्हणतात तो हाच. कोणतेही केंद्र लावा, फरक तोच राहतो; त्यामुळे वर्धन करणारी मंडले एकदाच काटेकोर जुळविता येतात. अशा प्रकारे फेसेंडेनचे नाव कायम राहून त्यातील प्रयोजन बदलले. जी युक्ती मूक लहरीला कानाच्या आटोक्यात आणण्यासाठी होती, ती आता तिला निवडण्याच्या व वाढविण्याच्या सोयीसाठी राबू लागली. अर्थसंक्रमणाची इतकी स्वच्छ उदाहरणे पारिभाषिक शब्दांत फार मिळत नाहीत.

१९३० पासून अमेरिकेत इतर उत्पादकांनाही या रचनेचे परवाने मिळू लागले आणि काही वर्षांतच घरोघरचे संच सुपरहेटेरोडाइन झाले. शिट्ट्या थांबल्या. त्यांच्याबरोबर सामान्य श्रोत्याची तारसंदेश ऐकण्याची शक्तीही गेली आणि तिची उणीव फारशा कोणास भासली नाही, कारण गाणे व बातम्या पूर्वीपेक्षा चांगल्या ऐकू येत होत्या. ज्यांना तारसंदेश ऐकावयाचाच होता त्यांच्यासाठी व्यावसायिक संचांत शोधकाजवळ आणखी एक आंदोलक ठेवीत. तो ४५५ च्या किंचित वर किंवा खाली, समजा ४५६ किलोहर्ट्झवर, चालवावयाचा आणि १ किलोहर्ट्झचा स्वर ऐकावयाचा. हाच विस्पंद-आंदोलक. फेसेंडेनची मूळ कल्पना तिच्या मूळ अर्थाने अशा संचांत टिकून राहिली. नॅशनल कंपनीचा एच. आर. ओ., हॅलिक्राफ्टर्सचा एस. एक्स. २८ हे या वर्गातील नामांकित संच होत.

या भेदाचा परिणाम युद्धकाळात स्पष्ट दिसतो. व्याप्त फ्रान्समधील गुप्त कार्यकर्त्यांसाठी बी. बी. सी. जे सांकेतिक 'वैयक्तिक निरोप' देई ते बोललेल्या वाक्यांच्या रूपात असत. कोणत्याही घरातील लपविलेला रेडिओ ते ऐकू शकत असे. उलट, लंडनशी थेट संपर्क ठेवणाऱ्या हस्तकास मोर्सचा अखंड-लहरी संदेश घ्यावा लागे. म्हणून जॉन ब्राउन याने त्यांच्यासाठी आखलेल्या, सूटकेसमध्ये मावणाऱ्या 'टाइप ३ मार्क २' या संचाच्या ग्रहणयंत्रात विस्पंद-आंदोलक होता.

पोर्टेबल रेडिओ मात्र घरगुती संचांच्याच वंशातले. झेनिथ कंपनीचा 'ट्रान्स-ओशिॲनिक' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. तो जानेवारी १९४२ मध्ये बाजारात आला आणि युद्धामुळे नागरी उत्पादन थांबेपर्यंतच्या थोड्या महिन्यांतच त्याचे नाव झाले. लघुलहरींवर दूरदूरची केंद्रे आणणारा हा संच; पण विस्पंद-आंदोलक त्यात नव्हता. या मालिकेत तो आला तो १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, 'रॉयल ७०००' या ट्रान्झिस्टर संचात. मधल्या पाव शतकात ज्यांना तो हवा होता त्यांनी हाताने बसविला. आमच्या ध्वनिफितीचा उगम अशाच एका व्हॉल्व्हच्या ट्रान्स-ओशिॲनिकमध्ये होता.

बसविण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. संच न उघडताही त्याची प्रचीती घेता येते. एका ट्रान्झिस्टरवर १,००० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे केंद्र लावावे आणि दुसरा ट्रान्झिस्टर त्याला चिकटून ठेवून ५४५ च्या जवळ हळूहळू फिरवावा. दुसऱ्याचा आंतरिक आंदोलक ४५५ ने वर, म्हणजे १,००० वर, येताच पहिल्यातून शीळ ऐकू येते, ती खाली उतरत जाते, क्षणभर लोपते आणि पुन्हा चढू लागते. तंबोऱ्याच्या जोडीचाच हा खेळ. कायमची सोय करावयाची तर एका निकामी संचातील आय. एफ.ची गुंडाळी, एक ट्रान्झिस्टर आणि कंप्रता थोडी मागेपुढे करण्यासाठी एक फिरता कंडेन्सर पुरतो. व्हॉल्व्हच्या पोर्टेबलमध्ये आणखी एक व्हॉल्व्ह घालणे सोयीचे नसते, कारण सर्व व्हॉल्व्हचे तंतू ९ व्होल्टच्या बॅटरीवर एकामागोमाग जोडलेले असतात आणि साखळीत एक दुवा वाढला की सर्वांचाच वाटा कमी होतो. म्हणून फीत करणाऱ्यांनी ट्रान्झिस्टरचा आंदोलक करून त्याला स्वतंत्र छोटी बॅटरी दिली होती. तो शोधकाशी जोडण्यासाठी त्यांनी केवळ दोन वेष्टित तारांना काही पीळ दिले होते. एवढ्याने मिळणारी अल्पशी धारिता पुरेशी होते. जोड फार सैल ठेवला तर लहर अपुरी पडून आवाज फाटतो आणि फार घट्ट केला तर आवाजाची पातळी आपोआप राखणारे मंडल या आगंतुक लहरीलाच बलवान केंद्र समजून संचाचे वर्धन कमी करते. हा समतोल ज्याचा त्याने ऐकूनच साधावयाचा असतो.

येथवर प्रश्न मोर्सचा होता. आमची फीत बोलण्याची होती आणि बोलण्यासाठी विस्पंद-आंदोलक लागावा याचे कारण निराळे आहे. नेहमीच्या प्रक्षेपणात वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंस आवाजाने उत्पन्न केलेले दोन पट्टे असतात. दोन्ही पट्ट्यांत मजकूर एकच आणि वाहक लहरीत मजकूर काहीच नाही. शक्तीचा निदान दोनतृतीयांश भाग मात्र तीच खाते. १९१५ मध्ये जॉन कार्सन याने वाहक लहर व एक पट्टा गाळून उरलेला एकच पट्टा पाठविण्याची पद्धत मांडली. ७ जानेवारी १९२७ रोजी सुरू झालेली न्यूयॉर्क–लंडन दूरध्वनिसेवा या पद्धतीची होती आणि १९५० नंतर हौशी चालकांनीही ती उचलली. साध्या रेडिओवर असे बोलणे अगम्य बडबडीसारखे ऐकू येते, कारण वाहक लहरीशी असलेल्या अंतरानेच प्रत्येक घटकाची कंप्रता ठरत असते आणि ती लहरच नाहीशी झालेली असते. ती श्रोत्याने आपल्या विस्पंद-आंदोलकातून परत पुरवावयाची. पूर्वी दुसरी लहर संदेशाला आवाज देत होती. येथे प्रत्येक स्वराची उंची तिच्यावर अवलंबून असते.

ही लहर ५० हर्ट्झने चुकीच्या जागी ठेवली तर आवाजातील प्रत्येक घटक ५० हर्ट्झने सरकतो. ध्वनिफीत वेगाने फिरविली असता सर्व घटक एकाच प्रमाणात वाढतात आणि त्यांचे परस्परप्रमाण टिकते. येथे तसे होत नाही. १२०, २४०, ३६० हे घटक १७०, २९०, ४१० होतात आणि मूळ कंप्रतेच्या पटीत असण्याचा त्यांचा धर्म मोडतो. बोलणे तरीही समजते, कारण कान अशा चुका उदारपणे पोटात घालतो. फितीवर कोणी दोन ओळी गायल्या असत्या तर दोष तत्काळ उघड झाला असता. मापनयंत्र मात्र उदार नसते. 'ई'चा पहिला फॉर्मंट, म्हणजे मुखविवरातील अनुनादाने ठळक होणारा सर्वांत खालचा पट्टा, ३०० हर्ट्झच्या आसपास असेल तर तो ३५० वर दिसतो आणि लहर आणखी सरकली तर ३९० वर, म्हणजे 'ए'च्या सीमेवर. 'आ'च्या ७०० मध्ये तेवढीच भर पडली तरी ती प्रमाणाने क्षुल्लक ठरते. म्हणून संवृत स्वर तेवढे बिघडलेले दिसतात आणि विवृत स्वर जागच्या जागी असल्याचा भास होतो. एखाद्या बोलीचे लक्षण असेच दिसले असते!

शंका येण्यास एक जागा होती आणि ती प्रस्तुत लेखकाकडून निसटली. 'ई' खरोखर विवृत होतो तेव्हा पहिला फॉर्मंट चढतो आणि दुसरा सामान्यतः उतरतो. या फितीतील दुसरा फॉर्मंट उतरलेला नव्हता. तो किंचित चढलेलाच होता.

पडताळा पुढीलप्रमाणे घेतला. एका ठिकाणी वक्त्याच्या आवाजातील घटक २९०, ४१०, ५३०, ६५० असे मिळाले. त्यांतील अंतर १२०, म्हणून मूळ कंप्रता १२० आणि घटक २४०, ३६०, ४८०, ६०० असावयास हवेत. अर्थात सरक ५० ची. परंतु खरे घटक ३६०, ४८०, ६००, ७२० असून ते ७० ने खाली आले आहेत, असेही कोणी म्हणू शकेल. एका ठिकाणच्या मापनावरून या दोहोंत निवड करता येत नाही. बोलणाऱ्याचा आवाज चढउतार करतो हे येथे उपयोगी पडते. त्याच वाक्यात पुढे अंतर १३० झाले तेथे घटक ३१०, ४४०, ५७० होते. पहिल्या गृहीताने सरक पुन्हा ५० येते. दुसऱ्याने ती ७० ची ८० होते. एका वाक्यापुरता आंदोलक जागचा हलला नाही असे धरले, तर पहिलेच गृहीत टिकते. फितीच्या आरंभी ५० असलेली ही सरक अर्ध्या तासानंतर ९० च्या जवळ गेलेली आढळली. संच तापत गेला तसे त्यातील आंदोलक हळूहळू ढळले असावेत. विशेषतः पोर्टेबलच्या एका मोठ्या पट्ट्यावर ७ मेगाहर्ट्झचा भाग तबकडीच्या अगदी थोड्या जागेत येत असल्याने पुन्हा नेमके जुळविणे त्या गृहस्थांस सोपे नव्हते.

दोष ध्वनिमुद्रण यंत्राचा असेल ही शंका उरते. सुदैवाने फितीच्या शेवटी, विस्पंद-आंदोलक बंद केल्यावर, आकाशवाणीच्या मराठी बातम्यांची चार मिनिटे मुद्रित झाली आहेत. त्या नेहमीच्या प्रक्षेपणातील असल्यामुळे वाहक लहर त्यांच्याबरोबरच आलेली होती. निवेदकाच्या आवाजातील घटक तेथे मूळ कंप्रतेच्या पटीत नेमके बसतात.

प्रत्येक वाक्यासाठी सरक स्वतंत्रपणे काढून ती वजा केल्यानंतर त्या वक्त्याच्या 'ई'चा पहिला फॉर्मंट ३०० ते ३१५ हर्ट्झ या मर्यादेत येतो आणि 'ऊ'चा ३२० च्या आसपास. दुसऱ्या वक्त्याच्या स्वरांहून ते निराळे नाहीत. दुसऱ्याची सरक पहिल्यापासून १० हर्ट्झच्या आत होती, कारण त्याचे प्रेषण आपल्या साथीदाराशी नीट जुळलेले नव्हते आणि श्रोत्याने आंदोलकाची खुंटी ऐकून लावली होती ती त्याच्या आवाजाला. फितीतील सुमारे सहा मिनिटांचा भाग, जेथे दुसरेच एक केंद्र वर चढून आले आहे, मापनास निरुपयोगी आहे आणि तो गणनेतून वगळला आहे.